संत व्हिन्सेंट डी पॉल आणि त्यांच्या धर्मसंघाची सेवापरंपरा

फ्रान्समधील लियों शहराच्या उत्तरेला असलेल्या शातियों-ले-दोंब या गावी व्हिन्सेंट डी पॉल प्रमुख धर्मगुरू म्हणून १६१७ मध्ये जेमतेम पाच महिने होते. तरीही त्यांच्या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या सेवाकार्याचे मूळ तिथेच शोधावे लागते. ऑगस्टमधील एका रविवारी मिस्सेची, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनाविधीची, तयारी चालू असताना त्यांना निरोप मिळाला, की गावाबाहेरच्या एका घरातील सगळेच आजारी असून एकमेकांचे करायलाही कोणी उरलेले नाही. त्यांनी प्रवचनात हे सांगितले. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले, तेव्हा अन्न घेऊन जाणाऱ्या-येणाऱ्या स्त्रियांची वाटेवर रीघ लागलेली होती. कोणाही धर्मगुरूला धन्य वाटावे असाच तो प्रसंग; व्हिन्सेंट यांना मात्र त्यातली गैरव्यवस्था जाणवली, कारण एका दिवसात आलेले एवढे अन्न नासणार होते आणि दोन दिवसांनी ते कुटुंब पुन्हा उपाशीच राहणार होते. त्यांनी गावातील स्त्रियांना एकत्र करून पाळ्या लावून दिल्या आणि ८ डिसेंबर १६१७ रोजी त्यांच्या सेवामंडळाची रीतसर स्थापना झाली.

या मंडळासाठी त्यांनी लिहिलेली नियमावली आजही वाचण्यासारखी आहे. रुग्णाला प्रेमाने अभिवादन करावे, पलंगावर छोटे मेज ठेवून त्यावर कापड अंथरावे, मांस कापून द्यावे, असे बारकावे तीत आहेत. ज्याच्याजवळ घरचे कोणी आहे अशा रुग्णापासून सुरुवात करावी आणि एकट्या रुग्णाकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ थांबता येईल, असेही त्यात सांगितले आहे.

गॅस्कनीतील एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले व्हिन्सेंट १६०० साली, नियमाने ठरलेल्या वयाच्या आधीच, धर्मगुरू झाले होते, आणि सुरुवातीची कित्येक वर्षे त्यांचे लक्ष चांगल्या उत्पन्नाच्या पदाकडे होते, हे चरित्रकार सहसा झाकत नाहीत. १६१३ पासून ते गोंदी या सरदार घराण्यात मुलांचे शिक्षक होते. या घराण्याच्या जहागिरीतील एका मरणासन्न शेतकऱ्याच्या पापनिवेदनामुळे खेड्यांतील धार्मिक दुरवस्था त्यांच्या ध्यानी आली. पुढे १६२५ मध्ये गोंदी दांपत्याने दिलेल्या ४५,००० लिव्हर्सच्या (लिव्हर हे तेव्हाचे फ्रेंच चलन) निधीतून ‘मिशनचा संघ’ उभा राहिला. त्यातील धर्मगुरूंनी मोठ्या शहरांत प्रवचने न करता ग्रामीण गरिबांची सेवा विनामोबदला करावी, अशी करारातच अट होती. १६३२ मध्ये पॅरिसचा सँ-लाझार मठ मिळाल्यावर या धर्मगुरूंना ‘लाझारिस्ट’ हे नाव पडले.

पॅरिसमध्ये शातियोंची पद्धत जशीच्या तशी चालेना, कारण तेथील उच्चकुलीन स्त्रिया गरिबांच्या घरी स्वतः न जाता नोकरांना पाठवू लागल्या. तेव्हा मार्गरीत नाझो ही स्वतःच्या प्रयत्नाने वाचायला शिकलेली गुराखी तरुणी पुढे आली आणि तिच्यामागून खेड्यांतल्या आणखी मुली आल्या. व्हिन्सेंट यांच्या सहकारी लुईझ द मारिलाक यांनी २९ नोव्हेंबर १६३३ रोजी त्यांना आपल्या घरी एकत्र आणून ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ची सुरुवात केली. त्या काळच्या नियमांनुसार व्रतस्थ स्त्रियांनी मठाच्या भिंतीआडच राहायचे असल्याने या भगिनींना मठवासी ठरू न देणे आवश्यक होते. म्हणून त्यांची व्रते आजन्म नसून दरवर्षी नव्याने घेतली जातात, आणि रुग्णांची घरे व शहराचे रस्ते हाच त्यांचा मठ, असे व्हिन्सेंट त्यांना सांगत. १६३८ पासून टाकून दिलेल्या अर्भकांचे संगोपन आणि त्यानंतर युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या लोरेन प्रांतातील मदतकार्यही याच मंडळींनी अंगावर घेतले.

व्हिन्सेंट यांचे २७ सप्टेंबर १६६० रोजी निधन झाले आणि १७३७ मध्ये त्यांना संतपद मिळाले. मुंबई-वसईच्या अनेक धर्मग्रामांत (पॅरिशांत) गरजू कुटुंबांना भेटी देणारी ‘सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी’ त्यांनीच स्थापन केली, असा समज आढळतो. प्रत्यक्षात ती प्रापंचिकांची, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांची, संघटना असून १८३३ मध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पॅरिसमध्ये सुरू केली. गरिबांच्या घरी कसे जावे, हे त्या तरुणांना डॉटर्स ऑफ चॅरिटीच्याच सिस्टर रोझाली रांद्यू यांनी शिकवले होते.