जलमापन, घरगुती

नळजोडातून घरात येणाऱ्या पाण्याचे आकारमान मोजणे आणि त्यावरून पाणीपट्टी व घराबाहेर जाणाऱ्या सांडपाण्याचा अंदाज ठरवणे. आत येणारे पाणी मीटरने मोजता येते. बाहेर जाणारे पाणी बहुतेक शहरांत घरपातळीवर मोजले जात नाही, ते गृहीत धरले जाते.

घरागणिक पाणी मोजून देण्याची सविस्तर माहिती असलेली जुनी व्यवस्था रोमची. इ. स. ९७ मध्ये रोमच्या जलव्यवस्थेचा प्रमुख झालेल्या फ्राँटिनसने ती नोंदवून ठेवली आहे. तेथील एकक ‘क्विनारिया’, म्हणजे ठरावीक मापाची तोटी. तिच्या उगमाविषयी त्याच्याच काळी दोन मते होती. एका मतानुसार सम्राट ऑगस्टसचा सहकारी अग्रिप्पा याने जुन्या पाच बारीक तोट्या एकत्र करून ही एक तोटी केली, म्हणून ‘पाच’ हा आकडा नावात आला. दुसरे मत वास्तुविद व्हिट्रुव्हियस व शिसेकाम करणारे कारागीर यांना श्रेय देते : पाच अंगुळे रुंदीचा शिशाचा पत्रा वळवून केलेली नळी ती क्विनारिया. पत्रा वळवताना आतला घेर आक्रसतो व बाहेरचा ताणला जातो, म्हणून फ्राँटिनसला हे माप बेभरवशाचे वाटले. व्यास पाच पाव-अंगुळे (सुमारे २.३ सेंमी.) म्हणून हे नाव, असे त्याचे मत. पुढच्या मोठ्या नळ्यांची नावेही काही अंशी याच पाव-अंगुळांच्या हिशेबाने चालत असल्याने तेच अधिक ग्राह्य वाटते. नळजोडाच्या तोंडाशी किमान बारा अंगुळे लांबीची, शिक्का मारलेली काशाची तोटी बसवत, कारण कासे सहज वाकवून रुंद करता येत नाही.

क्विनारिया म्हणजे रोज किती पाणी, यावर आधुनिक अभ्यासकांचे एकमत नाही. सुमारे ४० घनमीटर हा आकडा वारंवार दिला जातो. पण मूळ माप छिद्राच्या क्षेत्रफळाचे आहे, वेगाचे नाही, त्यामुळे कोणताही एक आकडा जपूनच वापरावा. फ्राँटिनसला दप्तरात आवक १२,७५५ क्विनारिया, तर वाटप १४,०१८ दिसले. आलेल्यापेक्षा वाटलेले १,२६३ने जास्त! मग त्याने उगमापाशी स्वतः मापे घेतली. बेहिशेबी पाण्याचा शोध याहून नेटका कसा घ्यावा?

तोंडाच्या आकारावरून आकारणी करण्याची ही रीत अजून गेलेली नाही. महाराष्ट्रातील अनेक नगरपालिकांत अर्धा इंची नळजोडाला वार्षिक ठोक पाणीपट्टी असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही सभासदांची पाणीपट्टी सदनिकेतील नळांची संख्या व आकार यांवरून वाटली जाते, कारण मीटर बहुधा साऱ्या इमारतीला मिळून एक असतो.

वाहते पाणी फिरत्या पात्यांनी मोजण्याचे शास्त्र हँबर्गच्या राइनहार्ट व्होल्टमानने १७९० मध्ये मांडले. बंद नळातले व्यापारी मीटर १८५०च्या सुमारास आले. विल्यम सीमेन्सचा फिरत्या चक्राचा आणि किल्मार्नॉकच्या टॉमस केनेडीचा दट्ट्याचा. आज घरी दिसतो तो १५ मिमी.चा, अनेक धारांनी चाक फिरवणारा मीटर. त्याच्या तबकडीवर काळे आकडे घनमीटरचे, तर लाल काटे लिटरचे. मधोमध एक इवले चक्र असते. घरातले सगळे नळ बंद करून झाकण उघडावे. चक्र तरीही सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे.

भारतीय मानक आय. एस. ७७९ घरगुती मीटरसाठी आहे. ताशी दीड घनमीटर नाममात्र (म्हणजे मीटर ज्यासाठी बनवला त्या) प्रवाहाच्या, अचूकतेच्या ‘ब’ वर्गातील मीटरला ताशी ३० लिटरपासून १२० लिटरपर्यंत ५ टक्के व त्यापुढे २ टक्के चूक माफ असते. ३० लिटरखाली अचूकतेची हमी नाही. आपल्याकडे खरी अडचण इथे आहे. टाकी भरत आली की बॉल कॉक हळूहळू मिटतो आणि पाणी करंगळीहून बारीक धारेने येते. ताशी २० लिटरची धार दिवसभर चालली तर ४८० लिटर होतात आणि मीटर त्यातले बरेचसे सोडून देतो. उलट, चावीवाल्याने पाणी सोडले की रिकाम्या नळातली हवा आधी धावते व पाण्याआधी मीटर फिरवते. ग्राहकांची तक्रार या हवेविषयी असते आणि ती खोटी नाही. तरीही टाक्यांच्या शहरात बारीक धारेमुळे निसटणारे पाणी अधिक, असे मानणे सयुक्तिक वाटते. दोन्ही दोषांवर चोवीस तास दाबाने पाणी हा उपाय; कऱ्हाडजवळच्या मलकापुरात तो मीटरसह अमलात आला.

सांडपाण्यासाठी भारतीय अभिकल्पात (यंत्रणेचा आराखडा करताना) पुरवलेल्या पाण्याच्या ८० टक्के ही रूढ गृहीत मात्रा आहे. मलवाहिन्या असलेल्या शहरांत माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरल्यास पाच जणांच्या घरातून ५४० लिटर सांडपाणी निघते. बोअरवेलचे व टँकरचे पाणी या हिशेबात येत नाही, पण गटारात येते. पावसाळ्यात झिरपलेले पाणी आणखी वेगळे. अर्धवट भरून वाहणाऱ्या, गाळ-कचरा असलेल्या नळात घरगुती मीटर टिकत नाही. म्हणून प्रवाह शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी, पार्शल फ्ल्यूमसारख्या आवळलेल्या पन्हळीत पाण्याची उंची पाहून मोजतात.

सांडपाण्याचे निरीक्षण केवळ प्रमाणापुरते नाही. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने पोलिओ विषाणूसाठी तपासले जाऊ लागले. तपासणी परळच्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्रात होई. मुंबईच्या सांडपाण्यात मूळ (रानटी, म्हणजे लशीतून न आलेला) विषाणू अखेरचा आढळला तो नोव्हेंबर २०१०च्या नमुन्यात. या मूळ विषाणूचा देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी, हावडा जिल्ह्यात नोंदला गेला.