लोड टेस्टमध्ये कनेक्शन एरर येतात तेव्हा: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लोड टेस्ट (सर्व्हरवर मुद्दाम मोठा भार टाकून पाहण्याची चाचणी) सुरू केली, पंचवीस-तीस सेकंद सगळे सुरळीत चालले आणि मग एररची रांगच लागली. अशा वेळी 'आता मोठा सर्व्हर घ्यावा लागणार का?' असे ग्राहक आम्हाला विचारतात. आमचे म्हणणे असे, की एरर नेमका कोणत्या मशीनवर तयार झाला हे कळेपर्यंत सर्व्हरवर एक पैसाही खर्च करू नका. लोड टेस्टमध्ये ताण सर्व्हरवर येतो, तसाच टेस्ट चालवणाऱ्या मशीनवरही येतो, आणि बऱ्याचदा आधी तेच मशीन हात टेकते.

आधी टेस्ट चालवणारे मशीन पाहा

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनला आपल्या बाजूचा एक पोर्ट, म्हणजे कनेक्शन ओळखण्याचा क्रमांक, लागतो. लिनक्स यासाठी मुळात ३२७६८ ते ६०९९९ हे २८,२३२ पोर्ट वापरते. विंडोजमध्ये ४९१५२ ते ६५५३५, म्हणजे १६,३८४. कनेक्शन बंद झाले की पोर्ट लगेच मोकळा होईल असे वाटते, पण तसे होत नाही. जी बाजू आधी बंद करते तिच्याकडे ते कनेक्शन 'टाइम-वेट' अवस्थेत राहते, लिनक्सवर ६० सेकंद. वाटेत रेंगाळलेले जुने पॅकेट नव्या कनेक्शनमध्ये घुसू नये, म्हणून ही सोय आहे.

आता हिशोब करा. टेस्टचे टूल सेकंदाला १००० नवी कनेक्शन उघडून स्वतःच बंद करत असेल, तर साधारण २८ सेकंदांत पोर्ट संपतात. एका आयपीवरून सर्व्हरच्या एकाच पोर्टकडे सतत झेपणारा वेग सेकंदाला सुमारे ४७० कनेक्शन एवढाच आहे. पोर्ट संपल्यावर 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस' असा एरर येतो. ही विनंती सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नसते, म्हणून सर्व्हरच्या लॉगमध्ये तिचा मागमूस सापडत नाही.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे कीप-अलाइव्ह, म्हणजे कनेक्शन बंद न करता पुढच्या विनंत्यांसाठी तेच वापरणे. अपाची बेंच या लोड टेस्टच्या टूलमध्ये ते वेगळे सांगून चालू करावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते. ब्राउझरही एकाच कनेक्शनवरून अनेक विनंत्या पाठवतो, त्यामुळे कीप-अलाइव्हने टेस्ट खऱ्या वापराच्या जवळ जाते. दर वेळी नवेच कनेक्शन हवे असेल, तर भार दोन-तीन मशीनवर वाटा. जुन्या लेखांत 'टीसीपी टीडब्ल्यू रिसायकल' ही टाइम-वेट लवकर संपवणारी लिनक्सची सेटिंग चालू करण्याचा सल्ला दिसेल, तो कृपया मानू नका. एकाच राउटरमागून येणाऱ्या वापरकर्त्यांची कनेक्शन त्यामुळे तुटत असत, आणि लिनक्स ४.१२ पासून ती सेटिंग काढूनच टाकली आहे.

'टू मेनी ओपन फाइल्स' हा एरर सरळ आहे. प्रत्येक कनेक्शन ही एक उघडी फाइल धरली जाते आणि मर्यादा अनेकदा १०२४ असते. ती दोन्ही बाजूंना तपासा. सिस्टमडीतून (लिनक्सवर सेवा सुरू करणारी व सांभाळणारी प्रणाली) चालणाऱ्या सेवेला टर्मिनलमध्ये वाढवलेली मर्यादा लागू होत नाही. सेवेच्या फाइलमध्येच ती लिहावी लागते.

मग सर्व्हर

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे बहुधा त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाही. सेवा बंद पडली किंवा रीस्टार्ट होत आहे का, मेमरी संपल्यामुळे कर्नलने (लिनक्सचा गाभा) ती मारली का, ते पाहा.

नवी कनेक्शन धरून ठेवणारी रांग भरली, तर मात्र लिनक्स सहसा नकार देत नाही, गुपचूप पॅकेट टाकून देते. समोरचे मशीन लिनक्स ६.५ च्या आधीचे असेल, तर ते १ सेकंदाने पुन्हा प्रयत्न करते, मग आणखी २ सेकंदांनी, मग ४. म्हणून निकालात उत्तरांचे वेळ १, ३ आणि ७ सेकंदांच्या आसपास गोळा झालेले दिसले, की आमची पहिली शंका याच रांगेवर जाते. लिनक्स ५.४ च्या आधी या रांगेवरची कर्नलची मर्यादा मुळात १२८ होती, नंतर ती ४०९६ झाली. पण एनजिनएक्स हा वेब सर्व्हर स्वतः ५११ मागतो, आणि दोन्हींपैकी लहान आकडा लागू होतो. रांग जरूर वाढवा, मात्र अ‍ॅप्लिकेशनच संथ असेल तर लांब रांगेत लोक फक्त जास्त वेळ ताटकळतात.

'कनेक्शन रिसेट बाय पीअर' अधूनमधूनच येत असेल, तर कीप-अलाइव्हच्या वेळा जुळतात का ते तपासा. अपाची हा वेब सर्व्हर मुळात ५ सेकंदांनी रिकामे कनेक्शन बंद करतो. त्याच्या पुढे बसून विनंत्या वाटून देणारा लोड बॅलन्सर तेच कनेक्शन ६० सेकंद जपत असेल, तर बंद होण्याच्या क्षणीच त्यावर विनंती जाऊ शकते. मागच्या सर्व्हरची वेळ पुढच्यापेक्षा नेहमी जास्त ठेवा.

आणखी एक जागा सहज नजरेतून सुटते. प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या घेऊन मागे पोचवणारा सर्व्हर) आणि मागचा अ‍ॅप सर्व्हर यांच्यात प्रॉक्सी हाच क्लायंट, म्हणजे कनेक्शन उघडणारा, असतो, त्यामुळे पोर्ट त्याचेही संपतात. बाहेर ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर मिळाले नाही) हा एरर दिसतो, आणि खरे कारण प्रॉक्सीच्या एरर लॉगमध्ये असते. तिथेही मागच्या बाजूला कीप-अलाइव्ह लावा.

आम्हाला कळवताना

एररचा मजकूर जसाच्या तसा पाठवा, 'कनेक्शन गेले' एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. टेस्टच्या कितव्या सेकंदाला एरर सुरू झाले आणि कीप-अलाइव्ह चालू होते का, हेही लिहा. टेस्ट चालू असतानाच दोन्ही मशीनवर लिनक्सच्या 'एसएस' कमांडने कनेक्शनची स्थिती टिपून घ्या आणि कर्नलचा लॉग सोबत जोडा. 'सिन फ्लडिंग' (नव्या कनेक्शनच्या विनंत्यांचा पूर) किंवा 'कॉनट्रॅक टेबल फुल' (कनेक्शनची नोंद ठेवणारा तक्ता भरला) असे इशारे त्या लॉगमध्येच सापडतात. टेस्ट संपल्यावर मिनिटभरात टाइम-वेट ओसरतो आणि पुरावा हातचा जातो.