‘एम’ म्हणजे आधी अंदाज

दहावीचा निकाल लागला की ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो, ‘मग, तुझा एम काय?’ म्हणजे पुढे कोण व्हायचं ठरवलंयस? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने याचं उत्तर एका शब्दात आणि न अडखळता द्यायचं असतं. अडखळला तर ‘अजून काही ठरलेलंच नाही याचं’ म्हणून आईवडिलांचे चेहरे उतरतात. ‘एम’ हा इंग्रजी शब्द कुठून आला हे त्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

लॅटिनमध्ये ‘एस्टिमारे’ असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ मोल ठरवणं, जोखणं. ‘एस्टिमेट’ त्यातूनच आला, आणि आदर या अर्थाचा ‘एस्टीम’ही. जुन्या फ्रेंचमध्ये तेच क्रियापद झिजून ‘एस्मेर’ झालं. 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्यामागून फ्रेंच शब्दांची रीघ लागली आणि पुढे इंग्रजीत ‘एम’ रुळला. तेव्हा त्याचा अर्थ होता अदमास घेणं. तीर सोडण्याआधी धनुर्धराला अंतर आणि वारा जोखावाच लागतो. त्या जोखण्यालाच हळूहळू नेम धरणं म्हणू लागले, आणि हेतू, ध्येय हे अर्थ त्यावर चढले.

जुना अर्थ बराच काळ टिकला. 1597 साली छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पहिल्याच प्रवेशात बेनवोलिओ आपल्या मित्राला, रोमिओला, म्हणतो की, तू प्रेमात पडलास हे मी ‘एम’ केलंच होतं, म्हणजे ताडलंच होतं. रोमिओ लगेच त्याला अचूक नेमबाज म्हणतो. संवादाची सगळी गंमत एकाच शब्दाच्या या दोन अर्थांवर उभी आहे.

आपल्याकडेही अगदी अशीच जोडी आहे, आणि मला ती जास्त जवळची वाटते. फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणं. त्यातला ‘अंदाज’ आपल्या तिरंदाजात आहे, गोलंदाजातही आहे. फारसीतच ‘अंदाजा’ म्हणजे माप, आणि मराठीत अंदाज म्हणजे अदमास. फेकणं आणि जोखणं इथेही एकाच घरातले. ठाण्याचा किल्ला, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे, पोर्तुगीजांनी बांधायला घेतला आणि 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला. त्या काळी तोफेवर बसणारा तो गोलंदाज. आज दादोजी कोंडदेव स्टेडियमवर चेंडू घेऊन धावत येणाऱ्या पोरालाही आपण गोलंदाजच म्हणतो.

‘नेम’ मात्र वेगळ्या वाटेने आला. तो संस्कृत ‘नियमा’चा तद्भव. म्हणून नेमधर्म, नेमाने वारी करणं, नेमणूक, नेमका हे सगळे त्याचे सोयरे. बंदुकीचा नेम धरताना आपण नकळत नियमाचं, ठरलेपणाचं नाव घेतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी अदमास आहे आणि मराठी शब्दाच्या मुळाशी निश्चिती. ‘एम काय?’ असं विचारताना आपल्या मनात असतो तो मराठी ‘नेम’, असा माझा समज आहे. म्हणूनच तो प्रश्न पोरांना इतका जड जातो.

नेमबाजीच्या मैदानावर मात्र दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात लक्ष्य 50 मीटरवर असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटर व्यासाचं. उघड्या रेंजवर मध्ये वारा असतो. तो दर गोळीला बदलू शकतो, त्यामुळे नेमबाज रेंजवरच्या वाऱ्याच्या झेंड्यांकडे पाहतो, वारा किती ते ताडतो, साइट, म्हणजे बंदुकीवरचं नेम धरायचं साधन, एखाद-दोन खाचा (क्लिक) सरकवतो आणि मग चाप ओढतो. पुढच्या गोळीला पुन्हा झेंड्यांकडे पाहतो.