बॉनेटवरची संत्र्याची साल

"रंग कडक उन्हात मारायचा, म्हणजे झटकन वाळतो आणि पक्का बसतो." हा सल्ला मला गेल्या वर्षभरात इतक्या लोकांनी दिला, की तो चुकीचा असेल अशी शंकाही आली नाही. मोठ्या काकांच्या काटोलजवळच्या संत्र्याच्या बागेतला जुना मिनी ट्रॅक्टर मी नागपुरात घरी आणला होता. कडुनिंबाखाली कित्येक पावसाळे उभा राहून त्याचा पत्रा गंजला होता. इंजिन दुरुस्त झालं, टायर बदलले, पत्रे सुटे करून घासले, लांबी (पुट्टी) भरली, प्रायमर मारला. उरला होता फक्त लाल रंग. मे महिना होता. भर दुपारी अंगणात सडा टाकून धूळ बसवली, कंप्रेसर भाड्याने आणला आणि उजव्या मडगार्डवर पहिला हात मारला.

रंग खरंच पाच-दहा मिनिटांत वाळला. पण पृष्ठभागावर सगळीकडे बारीक खड्डे आणि उंचवटे दिसत होते. बोट फिरवलं तर हुबेहूब संत्र्याची साल. या दोषाला रंगकामात म्हणतातही 'ऑरेंज पील'. सक्करदऱ्याकडे गाड्या रंगवणाऱ्या एका पेंटरकाकांना मडगार्ड दाखवलं. त्यांनी ते तिरकं धरून उजेडात पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, हा रंग पत्र्यावर नाही, हवेतच वाळून राहिला जी." त्या एका वाक्याने मला पुढचे कित्येक महिने कामाला लावलं.

स्प्रे गनमधून रंगाची धार बाहेर येते तेव्हा दाबाची हवा तिच्या चिंधड्या उडवते. तयार होणारे थेंब साधारण २० ते १०० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड, यावरून अंदाज घ्या. थेंब जितका लहान, तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा, आणि थिनर, म्हणजे रंग पातळ करायला मिसळलेला द्रव, उडतो तो पृष्ठभागावरूनच. लहान थेंब उडून जायला लागणारा वेळ त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे निम्म्या व्यासाचा थेंब चौपट लवकर सुकतो. त्यात उष्णतेची भर. थिनरमध्ये टोल्युइन नावाचं द्रावक असतं. त्याचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा जोर, २० अंशांवर जेवढा असतो, त्याच्या अडीचपटीहून जास्त ४० अंशांवर होतो. मेच्या दुपारी, गन वीतभर अंतरावर धरायची ती मी हातभर लांब धरली होती. पत्र्यापर्यंत पोचले ते थेंब अर्धे घट्ट झालेले होते. ते पत्र्यावर पसरले नाहीत, नुसते चिकटले.

इथे एक गोष्ट सांगतो. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि दिवसभर मोबाइलवर 'नागपूर जगात सर्वात तप्त' असे संदेश फिरत राहिले. नंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. नागपूरचा नोंदलेला विक्रम २०१३ च्या मे महिन्यातला ४७.९ अंशांचा आहे, आणि तोही भरपूर आहे. खळबळजनक आकडा पुढे पाठवण्याआधी तो कशाने मोजला, कुठे मोजला, हे विचारायची सवय हवी. रंगकामातही तेच. हवेचं तापमान ४४ असलं तरी उन्हातला पत्रा ६० च्या पुढे सहज जातो आणि रंगाला कळतं ते पत्र्याचं तापमान.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. स्प्रेने मारलेला कुठलाही हात पहिल्या क्षणी खडबडीतच असतो. लाखो थेंब एकमेकांशेजारी पडलेले असतात, दुसरं काही होणं शक्यच नाही. चांगल्या हातात हा खडबडीतपणा काही सेकंदांत आपोआप नाहीसा होतो. तो कोण नाहीसा करतं? गुरुत्वाकर्षण, असं आपण पटकन म्हणू, कारण बादलीतलं पाणी त्यानेच समपातळीत येतं. पण रंगाचा थर इतका पातळ आणि उंचवटे इतके जवळजवळ असतात, की तिथे गुरुत्वाकर्षणाचा जोर अगदीच कमी पडतो. हे काम करतो तो पृष्ठताण. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या रबरासारखा आकसू पाहतो. खडबडीत पृष्ठभागाचं क्षेत्रफळ सपाट पृष्ठभागापेक्षा जास्त असतं. म्हणून उंचवट्याखाली किंचित जास्त दाब तयार होतो, खड्ड्याखाली किंचित कमी, आणि रंग उंचवट्याकडून खड्ड्याकडे वाहू लागतो.

पण वाहणार कसा? खाली पत्रा आहे, आणि पत्र्याला टेकलेला रंग हलत नाही. थर जितका पातळ, तितका हा अडथळा भयंकर. १९६० च्या दशकात ऑर्चर्ड नावाच्या संशोधकाने याचं गणित मांडलं, आणि ते मला रंगकामातलं सर्वात सुंदर गणित वाटतं. उंचवटे विरायला लागणारा वेळ रंगाच्या घट्टपणाच्या प्रमाणात वाढतो. दोन उंचवट्यांमधलं अंतर वाढलं तर हा वेळ त्या अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. थराची जाडी वाढली तर तो जाडीच्या घनाने कमी होतो. अंतर दुप्पट, तर वेळ सोळापट. जाडी निम्मी, तर वेळ आठपट.

आकडे घालून पाहू. रंग ३० अंशांवरच्या एरंडेल तेलाइतका घट्ट, उंचवटे दोन-दोन मिलिमीटरवर, ओला थर ६० मायक्रॉनचा. या गणिताने उंचवट्याची उंची सुमारे अडीच सेकंदांत एक-तृतीयांशाच्या आसपास येते. दहा सेकंदांत तो जवळजवळ दिसेनासा होतो. आता तोच रंग ३० मायक्रॉनचा घ्या. तेवढ्याच कामाला २० सेकंद लागतील. आणि त्या २० सेकंदांत थिनर उडून रंग शंभरपट घट्ट झाला, तर हिशेब अर्ध्या तासावर जातो. तोवर पृष्ठभागावर पापुद्रा धरलेला असतो आणि खड्डे जागच्या जागी गोठतात. ऊन सुरुवातीला रंगाला थोडं पातळही करतं, हे खरं. पण थिनर इतक्या वेगाने निघून जातो, की ती मदत पुरत नाही. चकचकीत पृष्ठभाग ही अशी शर्यत आहे. एकीकडे पृष्ठताण, दुसरीकडे बाष्पीभवन. मेच्या दुपारी मी बाष्पीभवनाला आधीच निम्म्या वाटेवर नेऊन उभं केलं होतं.

मग थर जाड का मारू नये? कारण उभ्या पत्र्यावर खाली ओघळणाऱ्या रंगाचा प्रवाहही जाडीच्या घनानेच वाढतो. ज्या घनामुळे खड्डे भरतात, त्याच घनामुळे ओघळ येतात. अनुभवी पेंटर गन एका लयीत फिरवतो आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवतो. या दोन घनांच्या मधली अरुंद जागा त्याचा हात अचूक पकडत असतो.

गोष्ट इथे संपत नाही. पृष्ठताण सगळीकडे सारखा असेल तर वरचं सगळं खरं. तो सारखा नसेल तर? एक प्रयोग घरी करून पाहा. थाळीत पाणी घ्या, त्यावर मिऱ्याची पूड भुरभुरवा आणि संत्र्याची साल पाण्याजवळ धरून चिमटा. सालीतलं तेल पाण्यावर पडताच पूड चहूबाजूंनी कडेला पळते. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, सालीच्या तेलातल्या लिमोनीन या मुख्य घटकाचा त्याच्या निम्म्याहून कमी. जास्त ताणाचा भाग कमी ताणाच्या भागाला स्वतःकडे खेचतो. कापराचा तुकडा पाण्यावर टाकला की गरगर फिरतो, तोही याचमुळे. इटालियन शास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी याने १८६५ मध्ये याचा अभ्यास केला, म्हणून याला मारांगोनी परिणाम म्हणतात.

ओल्या रंगात हेच घडतं. वरचा रंग थिनर गमावतो आणि थंडही होतो, दोन्हींनी त्याचा पृष्ठताण वाढतो. खालून एखाद्या ठिकाणी ताजा, थिनरने भरलेला, कमी ताणाचा रंग वर येतो. शेजारचा जास्त ताणाचा भाग त्याला बाजूला ओढून पसरवतो. पसरता पसरता त्याचाही थिनर उडतो आणि तो कडेला खाली बुडतो. अशी एकाशेजारी एक चक्रं सुरू होतात आणि पृष्ठभाग छोट्या घरांमध्ये वाटला जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बेनार याने १९०० च्या सुमारास तापवलेल्या पातळ थरात अशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं पाहिली. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले याने १९१६ मध्ये गरम द्रव हलका होऊन वर येतो म्हणून ती होतात, असं गणित मांडलं. खोल थरासाठी ते बरोबर आहे. पण इतक्या पातळ थरात मुख्य हात पृष्ठताणाचा असतो, हे १९५० च्या दशकात स्पष्ट झालं.

याच परिणामाचा आणखी एक नमुना डाव्या मडगार्डवर निघाला. रंग मारता मारता एका जागी तीन-चार गोल खळगे उघडले, मधोमध प्रायमर दिसू लागला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "नवी वस्तू आहे, नजर लागली. लिंबू-मिरची बांध आधी." आजींची माया खरी होती, पण कारण माझ्याच तळहातावर होतं. सकाळी डोक्याला खोबरेल तेल लावलं होतं आणि त्याच हाताने पत्रा उचलून ठेवला होता. तेलाचा ठिपका कमी ताणाचा, त्यामुळे भोवतीचा रंग त्याच्यापासून दूर ओढला जातो. पेंटर त्याला 'फिश आय' म्हणतात. गाडीच्या डॅशबोर्डला लावायच्या सिलिकॉन पॉलिशचा अंशही एवढंच करतो. लिंबू-मिरचीवर खर्च करण्यापेक्षा थिनरने ओलं केलेलं स्वच्छ सुती फडकं पत्र्यावर एकाच दिशेने फिरवा आणि नंतर उघड्या हाताने शिवू नका. खळगे येत नाहीत.

ऑगस्टमध्ये मी वेगळी चूक केली. ऊन नाही, हवा गार, म्हणून बॉनेटला एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, रंग मारला. दोन मिनिटांत लाल रंगावर दुधासारखी पांढरी झाक चढली. माठातलं पाणी का गार होतं हे आपण शाळेत शिकतो. बाष्पीभवनाला उष्णता लागते, ती उरलेल्या पाण्यातून जाते. थिनर पाण्यापेक्षा खूप वेगाने उडतो, त्यामुळे रंगाचा थर काही अंशांनी थंड पडतो. पावसाळ्यातल्या दमट हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते, तिच्या तापमानाच्या दोन-तीन अंशच खाली असतो. रंग त्याखाली गेला की हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि नायट्रोसेल्युलोज पाण्याच्या संपर्काने साकळून पांढरं दिसतं. पत्रा दवबिंदूच्या निदान तीन अंश वर असावा, हा नियम याचसाठी आहे. उडायला वेळ घेणारा रिटार्डर थिनर वापरला तरी फरक पडतो.

कंप्रेसरच्या टाकीतही पाणीच. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा आठव्या हिश्शाच्या जागेत दाबली आणि थंड झाली, तर जेमतेम ४ ग्रॅम बाष्परूपात राहतं, बाकीचं पाणी होतं. टाकीखालची चावी दर तासाला उघडली नाही तर ते गनमधून थेट रंगात येतं. आणि मेमध्ये धूळ बसवायला टाकलेला सडा पावसाळ्यात मात्र टाकू नका, त्याने दमटपणात भरच पडते.

घरी काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी मनावर घ्याव्यात. जुन्या ट्रॅक्टरवरचा शेंदरी प्रायमर बहुधा शिशाच्या ऑक्साइडचा, म्हणजे खराखुरा शेंदूर असतो. तो कोरडा घासू नका, पाणी लावून पॉलिश पेपर फिरवा, आणि घासलेला रंग जिथे पडतो त्या मातीत लेकरांना खेळू देऊ नका. दुसरं, दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग कितीही चकचकीत दिसला तरी घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो. वास येण्याआधीच ते अपाय करू शकतं, म्हणून साध्या मास्कचा भरवसा धरता येत नाही. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. कूलर, गॅस, उदबत्ती, काहीही जवळ चालू नको.

संत्र्यांच्या आंबिया बहाराची तोडणी संपल्यावर, डिसेंबरात, मी पुन्हा गन हातात घेतली. सकाळी साडेदहाला पत्रा हाताला कोमट लागत होता, हवा कोरडी, अंगणात सावली. या वेळी साधा सिंथेटिक इनॅमल घेतला. तो थिनर उडून नुसता वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू पक्का होतो, म्हणून महिनाभर त्यावर काही टेकवायचं नाही. गन वीतभर अंतरावर धरली, प्रत्येक पट्टा निम्मा चढवला. तिसऱ्या हाताला बॉनेट ओलं दिसू लागलं, आणि खड्डे माझ्या डोळ्यांदेखत विरले. सेकंद मोजायचं भान राहिलं नाही, पण ते दहाच्या आतच असतील.

रात्री पोर्चमधली ट्यूबलाइट लावून पाहिलं. बॉनेटवर तिचं प्रतिबिंब दोरी ताणल्यासारखं सरळ पडलं होतं. मेमध्ये रंगवलेलं उजवं मडगार्ड मी घासलेलं नाही, तसंच बसवलं आहे. त्यावर पोचताच तीच ट्यूबलाइट कडेने फाटत जाते आणि तिचे तुकडे होतात. काका येतात तेव्हा आधी त्या मडगार्डवर हात ठेवतात, मग बॉनेटवर.