गाडीतल्या कॅमेऱ्याचा घरगुती स्टँड: मऊ गादी नको, ताठ पाय हवेत

गुळगुळीत रस्त्यावरून जाताना समोरचे दृश्य हलते आहे असे आपल्याला सहसा जाणवत नाही. त्याच गाडीत ठेवलेल्या कॅमेऱ्याने तोच रस्ता टिपला, की चित्र मात्र सारखे थरथरत असते. याचे कारण आपल्या कानात आहे. अंतर्कर्णातली यंत्रणा डोके किती वळले हे सतत मोजते आणि सुमारे १० मिलिसेकंदांत डोळ्यांना तेवढेच उलट फिरवते. डोके हलले तरी नजर हलत नाही ती यामुळे. साध्या कॅमेऱ्याला ही सोय नसते, म्हणून ती जबाबदारी स्टँडवर येते. हा स्टँड घरी बनवता येतो, आणि उत्तम बनवता येतो. अडचण एवढीच, की हादरे बसतात म्हटल्यावर पहिला हात जातो तो फोमच्या तुकड्याकडे.

फोमकडे वळण्याआधी नेमके कोणते हलणे त्रास देते ते पाहू. कॅमेरा दोन तऱ्हांनी हलतो: एक तर तो अख्खा सरकतो, नाहीतर जागच्या जागी कलतो. समजा, लेन्समध्ये ६० अंश रुंदीचे दृश्य मावते आणि ते १९२० पिक्सेलांवर पसरते. म्हणजे एका अंशाला ३२ पिक्सेल. कॅमेरा १ मिलिमीटर वर सरकला, तर १० मीटरवरची वस्तू चित्रात पिक्सेलच्या पाचव्या हिश्श्याएवढीही हलत नाही. पण तो ०.१ अंशाने कलला, तर जवळचे-लांबचे सगळेच चित्र तीन पिक्सेल उडी मारते. आणि ०.१ अंश कलायला लागते काय? १० सेंटिमीटर लांबीच्या बैठकीचे एक टोक ०.१७ मिलिमीटर उचलले गेले की झाले. दोन कागदांच्या जाडीहूनही कमी. खरा शत्रू म्हणजे हे कलणे. कॅमेरा गाडीबरोबर खुशाल वर-खाली होऊ दे, त्याने मान डोलावता कामा नये.

आता हादऱ्यांकडे येऊ. ते तीन ठिकाणांहून येतात आणि त्यांचा वेग वेगवेगळा असतो. सस्पेन्शनवर तोललेली गाडीची काया सेकंदाला एक-दोन वेळा डुलते, म्हणजे १ ते २ हर्ट्झ. चाके आणि त्यांचे अ‍ॅक्सल साधारण १० ते १५ हर्ट्झने थडथडतात, १.९ मीटर परिघाचे चाक ताशी ८० किलोमीटर वेगाला सेकंदात जवळपास १२ फेरे घेते, त्यामुळे बॅलन्सिंग बिघडलेले चाकही याच पट्ट्यात भर घालते. तिसरे इंजिन. चार सिलिंडरच्या नेहमीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणून मिनिटाला ८०० फेऱ्यांवर गाडी उभी असताना २७ हर्ट्झ आणि ३००० फेऱ्यांवर १०० हर्ट्झची थरथर मिळते.

कॅमेरा आणि त्याचा दांडा यांनाही स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. दांड्याला टिचकी मारली की तो ज्या वेगाने थरथरतो, ती. बाहेरचा हादरा या वारंवारतेशी जुळला, की अनुनाद होतो आणि बोटभर हालचालीची हातभर होते. म्हणून ही वारंवारता चाकांच्या पट्ट्याच्या आणि जमल्यास इंजिनाच्या २७ हर्ट्झच्याही बऱ्यापैकी वर न्यायची. हे ठरते ताठपणा आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर.

इथे एक सूत्र फार उपयोगी पडते. एका टोकाला पक्क्या बसवलेल्या दांड्याचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १५ सेंटिमीटरऐवजी ३० सेंटिमीटरचा दांडा घेतला, तर तो आठपट लवचीक होतो. उलट, भरीव गोल दांड्याचा व्यास दुप्पट केला तर ताठपणा सोळापट. चकचकीत पातळ ‘गूजनेक’ दांडे, म्हणजे हवे तसे वाकवता येणारे, गाडीत का निकामी ठरतात ते यावरून कळावे; मला तर ते विकलेच जाऊ नयेत असे वाटते. धातूच्या निवडीवर मात्र डोके खपवू नये. पोलाद अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जवळपास तिप्पट ताठ असते, पण जवळपास तिप्पट जडही असते. त्याच वजनात जास्त रुंद नळी मिळते, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची जाड नळी चांगली. जाड प्लायवूडही वाईट नाही, कारण लाकूड कंपने धातूपेक्षा लवकर गिळते.

मग फोमचे काय? मऊ आधार हादरे गाळतो हे खरेच आहे, पण फक्त स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेच्या १.४१ पटीच्या वर. त्याखाली तो काही गाळत नाही, उलट वाढवतो. अंदाज करणे सोपे आहे: आधार वजनाने किती मिलिमीटर दबला ते मोजा, त्याच्या वर्गमुळाने १५.८ ला भागा, की हर्ट्झ मिळतात. कॅमेऱ्याखाली ४ मिलिमीटर दबणारा रबरी तुकडा म्हणजे सुमारे ८ हर्ट्झ. इंजिनाची २७ हर्ट्झची थरथर तो दहाव्या हिश्श्यावर आणतो, यात शंका नाही. पण चाकांकडून येणारा १० हर्ट्झचा हादरा जवळजवळ १.८ पट करून कॅमेऱ्याला देतो, आणि वर कॅमेऱ्याला डोलायला मोकळीक. आगीतून फुफाट्यात. (फोम लोखंडी स्प्रिंगसारखा तंतोतंत वागत नाही, त्यामुळे हे आकडे अंदाजाचेच.) वाळूच्या पिशवीची गोष्ट वेगळी. तिच्यातले कण एकमेकांवर घासून कंपनाची ऊर्जा संपवतात आणि घट्ट दाबल्यावर पिशवी उसळत नाही.

तेव्हा कॅमेऱ्याला गाडीचाच अवयव करून टाकायचे. त्यासाठी गाडीच्या सांगाड्याला पकडायला हवे. डॅशबोर्ड पातळ प्लॅस्टिकचा असतो आणि सीटची पाठ डुलते. हेडरेस्टच्या दोन दांड्यांवर आडवी नळी बांधणे सोयीचे खरे, पण त्या पाठीबरोबर कॅमेराही डुलतो. सीटच्या रुळांचे बोल्ट मात्र थेट गाडीच्या तळाशी जोडलेले असतात. म्हणून मागच्या सीटपुढच्या जमिनीवर तीन पाय फाकवून उभा केलेला स्टँड मला सर्वांत भरवशाचा वाटतो, आणि पाय तीनच असावेत, कारण तीन पाय ओबडधोबड जमिनीवरही एकाच वेळी टेकतात. एकही पाय गादीवर टेकवू नका. गादी म्हणजे परत स्प्रिंगच. मग रॅचेटचा पट्टा (सामान बांधायचा, खटक्याने आवळत जाणारा) स्टँडच्या मध्यावरून घेऊन सीटच्या रुळांना ताणून बांधा. हा ताण महत्त्वाचा. त्याने पाय कायम दाबलेले राहतात आणि खड्ड्यात उचलले जाऊन खडखडत नाहीत. कॅमेरा दोन पुढच्या सीटांच्या मधून, आरशाच्या खालून बाहेर पाहील अशा उंचीवर येतो. शेवटच्या जोडाला पाव इंची, इंचाला २० आटे असलेला स्क्रू लागतो. आयएसओ १२२२ या मानकात कॅमेऱ्यांसाठी तोच दिलेला आहे. ६ मिलिमीटरचा साधा बोल्ट एक-दोन आटे बसल्यासारखा वाटतो आणि मग कॅमेऱ्याचे आटे खातो.

एवढे करूनही चित्र जेलीसारखे लदलदत असेल, तर ते सेन्सरचे, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचे, काम. सीमॉस या नेहमीच्या जातीचे बहुतेक सेन्सर चित्र एकदम न टिपता एकेका ओळीने वाचतात. हे वाचन २० मिलिसेकंद चालले, तर १०० हर्ट्झच्या थरथरीच्या दोन लाटा एकाच चित्रात मावतात आणि विजेचा सरळ खांब नागमोडी दिसतो. शटरचा वेग वाढवून हे जात नाही. कॅमेऱ्यातले स्थिरीकरणही इथे जपून वापरावे. वळणावर गाडी फिरते ती त्याला चूक वाटते, ते चित्र धरून ठेवते आणि मग झटक्यात सोडते. अ‍ॅपलने तर २०२१ मध्ये, मोठ्या मोटरसायकलींच्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनमधली ही यंत्रणा बिघडू शकते, असा इशाराच दिला होता.

स्टँड जमला की नाही हे ओळखायला बॉनेटची कड चौकटीत येऊ द्या. चित्रीकरणात कड जागेवर असेल आणि क्षितिज डुलत असेल, तर स्टँड निर्दोष आहे, हलते आहे ती गाडी. प्रेक्षकालाही ते खटकत नाही. कडच थरथरत असेल, तर एकेक जोड हाताने हलवून सैल कोणता ते शोधा. बहुतेकदा तो कॅमेऱ्याखालचा बॉलहेड, म्हणजे कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवणारा गोळ्याचा सांधा, निघतो.

राहिली सुरक्षितता. ताशी ५० किलोमीटरवरची गाडी धडकून ०.१ सेकंदात थांबली, तर १ किलोचा कॅमेरा १४ किलोच्या ओढीने पुढे झेपावतो. एअरबॅग सुमारे ३० मिलिसेकंदांत फुगते, त्यामुळे तिच्या वाटेत, म्हणजे प्रवाशापुढच्या डॅशबोर्डवर किंवा बाजूच्या छतपट्टीवर, स्टँडचा कोणताही भाग नको. चालकाच्या नजरेच्या वाटेत काही येऊ नये हे तर आलेच. कॅमेऱ्याला एक जादा मजबूत दोरी हवी, आणि तिचे दुसरे टोक स्टँडला न बांधता सीटच्या रुळाला बांधावे, म्हणजे स्टँड उखडला तरी कॅमेरा जागेवर अडेल.