न्हावा-शेवा, घाना आणि कळवा: मोठ्या संगणकव्यवस्था एकदम का कोलमडतात?

जून २०१७च्या शेवटच्या आठवड्यात नवी मुंबईजवळ न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे काम ठप्प झाले. क्रेन शाबूत होत्या, कामगार हजर होते. बंद पडले होते ते संगणक. कंटेनर यार्डात एकावर एक अशा अनेक थरांत रचलेले असतात, आणि कोणता कंटेनर कोणत्या रांगेत, कितव्या थरावर आहे व तो कोणत्या ट्रेलरवर चढवायचा आहे, हे क्रेनचालकाला पडद्यावरूनच कळते. ती माहिती नाहीशी झाली की हजारो कंटेनरमधून हवा तो शोधणे हाताने जवळजवळ अशक्य होते, आणि फाटकाबाहेर ट्रेलरची रांग वाढत जाते.

हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहातले. न्हावा-शेवातील कोणाच्याही हातून चूक झालेली नव्हती. युक्रेनमध्ये करभरणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये हल्लेखोरांनी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम पेरला होता आणि मर्स्कच्या तिथल्या कार्यालयात तेच सॉफ्टवेअर होते. विंडोजमधल्या ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला, तिच्यावरचा पॅच, म्हणजे ती त्रुटी दुरुस्त करणारे अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. मात्र नॉटपेट्या संगणकाच्या मेमरीतून पासवर्डही चोरत असे, त्यामुळे पॅच न बसवलेले एखादे यंत्र सापडले तरी तिथून पॅच बसवलेली यंत्रेही त्याच्या तावडीत सापडत. मर्स्कच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ टर्मिनलांना फटका बसला, सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग पुढचा आहे. कोण कर्मचारी, कोणता संगणक, कोणाला कुठे प्रवेश, ही ओळख पटवण्याचे काम डोमेन कंट्रोलर नावाचे सर्व्हर करतात. मर्स्ककडे असे सुमारे १५० सर्व्हर जगभर पसरलेले होते आणि ते सतत एकमेकांची प्रत ठेवत, म्हणून त्यांचा वेगळा बॅकअप घेण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. एक बंद पडला तर दुसरा आहेच, हा विचार यंत्र बिघडण्यापुरता अगदी बरोबर होता. सगळे एकाच वेळी पुसले जातील, हे गृहीत धरलेले नव्हते. घानामधील एक सर्व्हर तेवढा वाचला, तोही तिथे त्या वेळी वीज गेलेली असल्यामुळे. त्याची हार्ड डिस्क माणसाच्या हाती इंग्लंडला पोहोचवून पुढची उभारणी झाली.

मोठ्या संस्थेच्या माहिती तंत्रज्ञानाच्या व्यवस्थापनातला मुख्य पेच मला इथे दिसतो. सर्व शाखांना एकच प्रणाली दिली की खर्च वाचतो, देखभाल सोपी होते, आकडे एका जागी येतात. पण त्याच जोडणीतून बिघाडही सर्वत्र पोहोचतो. काय जोडायचे आणि काय मुद्दाम वेगळे ठेवायचे, हा निर्णय संचालक मंडळाने घ्यायला हवा, कारण वेगळेपणाचा खर्च दरवर्षी हिशेबात दिसतो आणि त्याचा लाभ एरवी कुठेच दिसत नाही. मर्स्कमध्ये सुरक्षेच्या सुधारणांना मंजुरी आणि निधी मिळालेला होता, असे नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात म्हटले आहे. पण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बोनसच्या निकषांत ते काम नव्हते आणि ते मागे पडत गेले.

पॅच तत्काळ बसवा, हा धडा २०१७ने दिला. पण १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे एक सदोष अपडेट आपोआप पोहोचले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. आपल्याकडेही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोन्ही प्रसंग एकत्र ठेवले की एकच एक नियम पुरत नाही. अपडेट आधी मोजक्या यंत्रांवर, मग एका विभागात, मग सर्वत्र, असे टप्प्याटप्प्याने सोडणे हा त्यातला व्यवहार्य मार्ग आहे.

ऐरोलीपासून महापेपर्यंत ठाणे-बेलापूर पट्ट्यात आज डेटा सेंटरांची दाटी आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पडघा-कळवा वीजवाहिन्यांवरील बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत एकाच वेळी वीज गेली. म्हणजे ऐरोलीतल्या सर्व्हरची दुसरी प्रत ठाण्यात ठेवली, तर नकाशावर दोन ठिकाणे दिसतात, पण विजेच्या दृष्टीने ती एकच ठरू शकतात. म्हणूनच पर्यायी केंद्र दूरच्या शहरात हवे. डेटा सेंटरकडे स्वतःच्या बॅटऱ्या आणि डिझेल जनरेटर असतात. कोरोनाच्या त्या दिवसांत घरून काम करणाऱ्या डोंबिवली-वाशीतल्या अभियंत्याकडे ते नव्हते, आणि बंद पडलेली प्रणाली पुन्हा सुरू करण्याचे अधिकार त्याच्याच लॅपटॉपवर असतील, तर जनरेटरवर चालणारा सर्व्हर फार उपयोगाचा नाही. पर्यायी व्यवस्थेची रंगीत तालीम घेताना ही माणसेही वीजपुरवठ्याच्या दृष्टीने वेगवेगळ्या भागांत आहेत का, हे तपासायला हवे, आणि तालीम त्यांच्यापैकी एखाद्याला वगळूनही घेऊन पाहायला हवी.