एटार (ऑस्ट्रेलियन टर्शरी अ‍ॅडमिशन रँक)

ऑस्ट्रेलियात बारावीनंतरच्या विद्यापीठ प्रवेशासाठी वापरला जाणारा क्रमांक. शालेय शिक्षण तिथे राज्यांच्या अखत्यारीत असल्याने बारावीचे प्रमाणपत्रही राज्यागणिक वेगळे : न्यू साउथ वेल्समध्ये एचएससी (महाराष्ट्राच्या बारावीशी साम्य केवळ नावाचे), व्हिक्टोरियात व्हीसीई, क्वीन्सलँडमध्ये क्यूसीई. या सगळ्यांना एका मापात आणण्यासाठी २००९-१० पासून बहुतेक राज्यांनी एटार स्वीकारला. क्वीन्सलँडने मात्र १ ते २५ अशी स्वतःची श्रेणी चालू ठेवली आणि ते २०२० मध्ये एटारकडे वळले.

एटार म्हणजे टक्केवारी नव्हे, हे भारतीय पालकांच्या पटकन पचनी पडत नाही. एटार ८० म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत; आपल्या वयोगटातल्या सुमारे ८० टक्के मुलांच्या पुढे, एवढाच त्याचा अर्थ. सीईटीचा पर्सेंटाइल पाहिलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. फरक इतकाच, की इथे तुलना फक्त परीक्षार्थींशी नसते, शाळा अर्ध्यावर सोडलेलेही हिशेबात येतात. म्हणून परीक्षार्थींचा मधला एटार ५० नसून ७० च्या आसपास असतो. क्रमांक ०.०५ च्या टप्प्यांनी चढतो, सर्वोच्च ९९.९५, १०० कोणालाच मिळत नाही.

खरी मेख ‘स्केलिंग’मध्ये आहे. विषयाचे मूळ गुण वरखाली सरकवले जातात, पण विषय अवघड म्हणून नव्हे, तर तो घेणारी मुले इतर विषयांत किती तयारीची आहेत ते पाहून. व्हिक्टोरियात स्पेशालिस्ट मॅथेमॅटिक्स आणि लॅटिनचे गुण त्यामुळे चांगलेच वर जातात. निव्वळ त्या लोभाने विषय निवडणारेही असतात. त्यात कच्चे असले की पदरी काही पडत नाही. इंग्रजीतून मात्र सुटका नाही : न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात ते एटारमध्ये धरले जातेच.

ऑस्ट्रेलियाचे शैक्षणिक वर्ष तिथल्या डिसेंबर-जानेवारीतल्या उन्हाळी सुटीनंतर, जानेवारीअखेर सुरू होते. लेखी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात आणि एटार डिसेंबरात हाती येतो. प्रवेशअर्ज राज्याच्या केंद्रीय संस्थेकडे (सिडनीत यूएसी, मेलबर्नमध्ये व्हीटीएसी) पसंतीक्रमाने भरायचा असतो. वैद्यकीय शाखेला बहुतेक ठिकाणी यूकॅट ही वेगळी चाचणी आणि मुलाखतही लागते.

महाराष्ट्रातून बारावी करून जाणाऱ्यांना एटार नसतो. त्यांचे बोर्डाचे गुण विद्यापीठे स्वतःच्या निकषांनी तपासतात.